लायसन्स काढायला नेमके किती पैसे लागतात? महाराष्ट्रातला पावतीनिशी हिशेब

आरटीओच्या गेटबाहेर उभं राहून चार जणांना विचारा, लायसन्सला किती खर्च येतो. एक म्हणेल चौदाशे, दुसरा चार हजार, तिसरा आठ हजार. गंमत म्हणजे तिघंही खरं बोलत असतात. पहिला नुसती सरकारी फी सांगतो, दुसरा एजंटसकट आणि तिसरा ड्रायव्हिंग स्कूलसकट. हे तीन पैसे तीन वेगळ्या खिशांत जातात आणि त्यातला फक्त पहिला सक्तीचा आहे. म्हणून आधी तो नीट समजून घ्यायचा, बाकीचे दोन गरज असेल तर.

सरकारी फी

फीचे दर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ३२ खाली ठरतात. सध्याचा तक्ता डिसेंबर २०१६ च्या दुरुस्तीचा आहे. दुचाकी-चारचाकी लायसन्ससाठी त्यातल्या एवढ्या ओळी उपयोगाच्या:

लर्निंग लायसन्स, वाहनाच्या प्रत्येक प्रकाराला : १५० रुपये
लर्निंगची परीक्षा, किंवा तीच पुन्हा दिली तर : ५० रुपये
पक्क्या लायसन्सची चालवण्याची टेस्ट, प्रत्येक प्रकाराला : ३०० रुपये
पक्कं लायसन्स देण्याची फी : २०० रुपये
असलेल्या लायसन्सवर नवा प्रकार चढवणं : ५०० रुपये
पत्ता किंवा इतर तपशील बदलणं : २०० रुपये
नूतनीकरण : २०० रुपये

शिवाय स्मार्ट कार्डाचे २०० रुपये. हे पक्क्या लायसन्सला लागतात, लर्निंगला नाही, कारण लर्निंग म्हणजे डाउनलोड करून छापायचा कागद. कार्ड टपालाने घरी येतं, त्याचे पन्नासच्या आसपास आणि ऑनलाइन सेवेचे थोडे सुटे रुपये पावतीत जोडले जातात. गोव्यातही नियम ३२ चे दर हेच आहेत, कार्डाचे आणि सेवेचे पैसे मात्र राज्यागणिक बदलतात.

आता बेरीज. फक्त दुचाकी किंवा फक्त चारचाकी काढली तर लर्निंगला १५० अधिक ५०, म्हणजे २००. पक्क्याला टेस्टचे ३००, लायसन्सचे २०० आणि कार्डाचे २००, म्हणजे ७००. एकूण ९००, टपाल वगैरे धरून हजाराच्या आत. दोन्ही एकदम काढलं तर लर्निंगचे ३५० आणि पक्क्याचे १०००, असे १३५०. वरचे सुटे धरून चौदाशे-साडेचौदाशे.

‘आत्ता दुचाकीचं काढतो, कारचं पुढे बघू’ म्हणणाऱ्यांनी इथे थांबून हिशेब करावा. पुढे कार चढवायची झाली की पुन्हा लर्निंग (१५० आणि परीक्षेचे ५०), प्रकार वाढवण्याचे ५००, टेस्टचे ३०० आणि नव्या कार्डाचे २००. हे झाले १२००. तोच प्रकार पहिल्या अर्जातच घेतला असता तर ४५० रुपयांत झाला असता. वर्षा-दोन वर्षांत कार चालवायची शक्यता असेल तर दोन्ही एकदम काढावं. चारचाकीची टेस्ट द्यायची तयारी सहा महिन्यांत होणारच नसेल, तर मात्र उगाच फी भरून ठेवू नये.

प्रकार निवडताना जाणारे पैसे

अर्जात वाहनांच्या प्रकारांची यादी येते आणि चूक बहुधा तिथेच होते. दुचाकीचे दोन प्रकार आहेत, गिअर नसलेली आणि गिअरची. बरेच लोक, आणि बऱ्याच सेवा केंद्रांतले अर्ज भरणारेही, ‘स्कूटीपण आहे, बाइकपण आहे’ म्हणून दोन्हींवर टिक करतात. गरज नाही. गिअरच्या मोटारसायकलचं लायसन्स असलं की बिनगिअरची स्कूटर त्यात येतेच. दोन्ही घेतले तर लर्निंगचे १५० आणि टेस्टचे ३०० असे ४५० रुपये फुकट जातात, टेस्टही एक जास्त द्यावी लागते.

उलटा घोळही होतो. अर्ज गिअरच्या दुचाकीचा आणि टेस्टला आणली घरची अॅक्टिव्हा. निरीक्षक ती टेस्ट घेत नाही, किंवा घेतली तर लायसन्स बिनगिअरचंच मिळतं. ज्या प्रकारचा अर्ज त्याच प्रकारची गाडी मैदानावर हवी. कारमध्ये हा प्रश्न येत नाही, आपल्याकडे ऑटोमॅटिक आणि मॅन्युअल असे वेगळे प्रकार नाहीत. टेस्ट ऑटोमॅटिकवर दिली तरी लायसन्स दोन्हीला चालतं. (चालतं म्हणजे कायद्याने. क्लच कधी दाबलाच नसेल तर पहिल्या दिवशी घाटात जाऊ नये.)

मालवाहू टेम्पो, छोटा पिकअप चालवायचा आहे म्हणून वेगळं ‘ट्रान्सपोर्ट’ चढवायला सांगणारे अजून भेटतात. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे की हलक्या मोटार वाहनाचं, म्हणजे कारचं, लायसन्स असेल तर एकूण वजन साडेसात टनांच्या आतलं वाहतूक वाहन त्यावर चालवता येतं. रिक्षा-टॅक्सीचा बॅज ही वेगळी गोष्ट आहे, त्याच्या अटीही वेगळ्या.

१६ व्या वर्षी लायसन्स मिळतं हे खरं, पण ते ५० सीसीच्या आतल्या बिनगिअरच्या दुचाकीचं. बाजारातल्या नेहमीच्या स्कूटर ११०-१२५ सीसीच्या, म्हणजे ते लायसन्स असूनही चालत नाहीत. मुलाला बारावीत असताना स्कूटर द्यायचा विचार असेल तर १८ पूर्ण होईपर्यंत थांबलेलं स्वस्त पडतं. अल्पवयीन मूल गाडीसह सापडलं तर पालकाला किंवा मालकाला २५ हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद २०१९ पासून आहे, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या, अडीचशे वॉटपेक्षा कमी मोटरच्या ई-बाइकला लायसन्स लागत नाही. विकत घेताना हे दोन्ही आकडे कागदावर बघून घ्यावेत, दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नये.

लर्निंग : घरबसल्या, पण आधार नीट असेल तर

अर्ज केंद्र सरकारच्या ‘सारथी परिवहन’ पोर्टलवर करायचा, राज्य महाराष्ट्र निवडून. पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ आहे ना, हे बघा. शोधल्यावर वर जाहिरातीत येणाऱ्या लायसन्सच्या बऱ्याच साइट खासगी असतात, त्या स्वतःचं शुल्क लावून तोच अर्ज भरून देतात. व्हॉट्सअॅपवर ‘आरटीओ’ नावाने आलेली एपीके फाइल (म्हणजे अॅप बसवणारी फाइल) तर उघडूच नये, बँक खातं रिकामं करणारी ती जुनी युक्ती आहे.

महाराष्ट्रात जून २०२१ पासून आधार ई-केवायसी करून लर्निंगची परीक्षा घरूनच देता येते. आधारला मोबाइल जोडलेला हवा, कारण ओटीपी त्यावर येतो. रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ पूर्ण पाहावा लागतो, तो मधे सोडला तर परीक्षा सुरू होत नाही. मग कॅमेऱ्यासमोर बसून १५ प्रश्न, त्यातले ९ बरोबर आले की पास. मराठी भाषा निवडता येते. नापास झालात तर पुन्हा ५० रुपये. प्रश्न सोपे असतात, लोक अडकतात ते चिन्हांवर. ‘थांबण्यास मनाई’ आणि ‘पार्किंगला मनाई’, ‘रस्ता द्या’ आणि ‘थांबा’ या जोड्या आधी पाहून ठेवा. चेहरा ओळखताना मागे उजेडाची खिडकी असेल किंवा कुणी दुसरं फ्रेममध्ये आलं तर परीक्षा अडते, हा खर्च नाही पण संध्याकाळ जाते.

आधार द्यायचं नसेल किंवा मोबाइल जोडलेला नसेल तर स्लॉट घेऊन आरटीओत जाऊन परीक्षा देता येते. फी तीच.

ई-केवायसीतली खरी गोम अशी की नाव, जन्मतारीख, पत्ता आधारवरून जसाच्या तसा उचलला जातो. आधारवर आडनाव आधी असेल, वडिलांच्या नावात एक काना जास्त असेल, तर लायसन्सवर तेच येणार. नंतर दुरुस्ती म्हणजे २०० रुपये फी, २०० रुपये कार्ड आणि पुन्हा टपालाची वाट. आधार केंद्रावर तपशील दुरुस्त करायला शंभराच्या आत लागतात. आधी आधार, मग लायसन्स. दहावीचा दाखला, पॅन आणि आधार या तिन्हींवर नाव सारखं आहे का तेही याच वेळी बघून घ्या, पुढे पासपोर्टला कामी येतं.

गावचा पत्ता आधारवर आणि राहायला पुण्यात, असं असलेल्या मुलांसाठी : २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने राज्यातल्या कुठल्याही परवाना अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. पण कार्ड टपालाने अर्जातल्या पत्त्यावर जातं. तिथे घेणारं कुणी आहे ना, हे ठरवूनच पत्ता टाका. घर बंद म्हणून परत गेलेलं पाकीट सोडवायला मारावे लागणारे हेलपाटे दोनशे रुपयांपेक्षा महाग पडतात.

चाळिशी ओलांडलेल्यांना आणि वाहतूक वाहनाचं लायसन्स काढणाऱ्यांना नमुना १ अ मधलं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. ते एमबीबीएस किंवा त्यापुढच्या नोंदणीकृत डॉक्टरकडून, आता ऑनलाइन. डॉक्टर शंभरापासून पाचशेपर्यंत घेतात. चाळिशीच्या आतल्यांना नमुना १ मधलं स्वतःचं घोषणापत्र पुरतं, त्याला पैसे नाहीत. २५ वर्षांच्या माणसाकडून ‘मेडिकलचे तीनशे’ कुणी घेत असेल तर ते कशाचे, हे विचारावं.

पैसे कापले, पावती नाही

सगळ्यात जास्त लोक दुहेरी पैसे इथेच भरतात. यूपीआय किंवा कार्डातून रक्कम जाते, पोर्टलवर ‘पेंडिंग’ दिसतं, माणूस घाबरून पुन्हा भरतो. असं करू नका. पोर्टलवर पेमेंटची स्थिती तपासण्याचा वेगळा पर्याय आहे. अर्ज क्रमांक आणि जन्मतारीख टाकून तो उघडला की बँकेकडून आलेली माहिती ताजी होते आणि बहुतेक वेळा पावती निघते. निघाली नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा. फी राज्य सरकारच्या ‘ग्रास’ या ऑनलाइन भरणा प्रणालीतून जाते, त्यामुळे चुकून दोनदा भरलेले पैसे परत मिळवणं म्हणजे अर्ज, शिक्के आणि महिने. मूळ व्यवहाराचा क्रमांक मात्र लिहून ठेवा, तो नसेल तर कुणीच मदत करू शकत नाही.

आणि अर्ज क्रमांक. हाताने वहीत लिहा. एजंटने किंवा सेवा केंद्राने अर्ज भरला असेल तर तो क्रमांक आणि पावती तिथून निघण्याआधी मागून घ्या.

लर्निंगनंतरचे सहा महिने

लर्निंग सहा महिने चालतं. पक्क्याचा अर्ज लर्निंग मिळाल्यापासून ३० दिवस पूर्ण झाल्यावर करता येतो. म्हणजे कागदावर पाच महिने हातात असतात. प्रत्यक्षात मोठ्या शहरांत टेस्टचे स्लॉट काही आठवडे पुढचे मिळतात, आणि नापास झालं तर सात दिवसांनंतरच पुन्हा टेस्ट देता येते. तीनदा नापास झालं तर शेवटच्या टेस्टपासून ६० दिवस थांबावं लागतं. पाचव्या महिन्यात पहिला स्लॉट घेणाऱ्याकडे नापास होण्याची चैन उरत नाही. लर्निंग संपलं की दोन्ही प्रकारांचे पुन्हा ३५० रुपये, पुन्हा परीक्षा, पुन्हा ३० दिवस.

म्हणून एकतिसाव्या दिवशी फी भरून दुसऱ्या महिन्याच्या मध्यावरचा स्लॉट घ्यावा. दर फेरटेस्टला ज्या प्रकारात नापास झालात त्याचेच ३०० लागतात. दुचाकीत पास आणि कारमध्ये नापास असेल तर दुचाकीचे पुन्हा भरायचे नसतात. तालुक्याच्या गावी आरटीओचं शिबिर लागतं तिथेही टेस्ट होते. शहरातल्यापेक्षा गर्दी कमी असते आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्याचा दिवस वाचतो, फक्त शिबिराच्या तारखा आधी बघाव्या लागतात.

या काळात गाडी शिकताना पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ लावायचा. पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर १० सेंटिमीटर उंच, २ सेंटिमीटर जाड आणि खाली ९ सेंटिमीटर रुंद, असं नियमात मापासकट दिलेलं आहे. स्टेशनरीच्या दुकानातली पाटी वीस-तीस रुपयांत येते, रेडियमचं स्टिकर थोडं महाग. शेजारी त्या प्रकारचं पक्कं लायसन्स असलेला माणूस हवाच. लर्निंगवर एकट्याने कार काढणं हे विनापरवाना चालवण्यातच मोजलं जातं. त्याचा दंड ५००० रुपये, आणि गाडी देणाऱ्या मालकावर वेगळा गुन्हा. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न लायसन्सचाच विचारते.

ड्रायव्हिंग स्कूल : दिवस नाही, तास मोजा

खर्चाचा मोठा हिस्सा हाच, आणि भाव करताना लोक नेमकं चुकीचं माप धरतात. शहरांत कारच्या कोर्सचे साधारण चार ते आठ हजार घेतात, तालुक्यात कमी. ‘१५ दिवस’ किंवा ‘२० दिवस’ म्हणून विकलं जातं. दिवसाला किती मिनिटं आणि किती किलोमीटर, हे पावतीवर बहुधा नसतं.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत खासगी वाहनाच्या प्रशिक्षणाचा कालावधी किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे तास किमान १० धरलेले आहेत. वाहतूक वाहनाला ३० दिवस आणि १५ तास. आता १५ दिवस रोज २० मिनिटं हा कोर्स मोजा. पाच तास होतात, नियमाच्या निम्मे. त्यातही गाडीत दोन विद्यार्थी असतील आणि एकाला सोडायला जाण्यात तुमची रोज सहा-आठ मिनिटं जात असतील तर स्टिअरिंग तुमच्या हातात तीन-साडेतीन तासच येतं. सहा हजारांत दहा तास म्हणजे तासाला सहाशे. चार हजारांत साडेतीन तास म्हणजे तासाला अकराशेच्या वर. स्वस्त वाटलेला कोर्स असा महाग असतो.

पैसे भरण्याआधी विचारायचं ते एवढं. रोज मी स्वतः किती मिनिटं चालवणार? गाडीत एका वेळी किती जण? खाडा झाला तर तो दिवस पुढे मिळतो का? रिव्हर्स, चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलणं आणि पार्किंग हे कोर्समध्ये आहे की ‘एक्स्ट्रा’? टेस्टच्या दिवशी गाडी देणार का, आणि त्याचे वेगळे किती? हा शेवटचा प्रश्न विसरला की टेस्टच्या आदल्या दिवशी पाचशे ते हजार रुपये निघतात. स्कूलला प्रत्येक विद्यार्थ्याच्या चालवण्याच्या तासांची नोंदवही ठेवावी लागते, नमुना १५. त्यात तुमच्या सहीसमोर किती वेळ लिहिला आहे, हे बघायचा तुम्हाला हक्क आहे. स्कूलचा परवाना कार्यालयात दर्शनी भागात लावलेला असायला हवा आणि गाडीत प्रशिक्षकाच्या पायाशीही ब्रेक-क्लच हवा. नातेवाइकाच्या साध्या गाडीत शिकवणाऱ्याला कमी पैसे का द्यायचे, याचं उत्तर या दुसऱ्या ब्रेकमध्ये आहे.

घरी शिकवणारं माणूस आणि जुनी गाडी दोन्ही असेल तर मधला मार्ग असा : स्कूलमध्ये पाच-सहा तासच घ्यायचे, क्लच आणि रस्त्याचा अंदाज येईपर्यंत. बाकी सराव घरच्या गाडीवर, शेजारी लायसन्सवाला बसवून. खासगी वाहनासाठी स्कूलचं प्रमाणपत्र सक्तीचं नाही. वाहतूक वाहनासाठी आहे.

१ जून २०२४ पासून ‘आता आरटीओत टेस्टच नाही, स्कूलच लायसन्स देणार’ अशी बातमी सगळीकडे फिरली होती. केंद्रीय मंत्रालयाने तेव्हाच सांगितलं की नियमात काही बदल झालेला नाही. खरं एवढंच आहे की २०२१ च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचा वेगळा वर्ग तयार झाला आणि त्यांच्या नमुना ५ ब प्रमाणपत्रावर आरटीओच्या टेस्टमधून सूट मिळते. तिथला हलक्या वाहनाचा कोर्स २९ तासांचा असतो. कोपऱ्यावरचं नेहमीचं ड्रायव्हिंग स्कूल त्यात येत नाही. त्याचं प्रमाणपत्र नमुना ५ चं असतं, त्यावर टेस्ट माफ होत नाही.

एजंटला पैसे द्यायचे का

दुचाकी आणि कार मिळून एजंट शहरागणिक तीन ते पाच हजार सांगतात. त्यातले सरकारी चौदाशेच्या आसपास, उरलेले त्याचे. बदल्यात तो काय करतो? अर्ज भरतो, कागद अपलोड करतो, स्लॉट घेतो, टेस्टला गाडी देतो. अर्ज भरण्याचं तेवढंच काम सेवा केंद्रात शंभर-दोनशेत होतं. ऑनलाइन फॉर्म भरता न येणाऱ्याने हे पैसे जरूर द्यावेत, त्यात कमीपणा नाही. पण ‘टेस्टचं मी बघतो’ म्हणून घेतलेल्या हजार-दोन हजारांची पावती कुठेच मिळत नाही आणि सेन्सर-कॅमेऱ्याच्या ट्रॅकवर ते ‘बघणं’ चालत नाही. पुण्यात कारची टेस्ट भोसरीला नाशिक फाट्याजवळच्या आयडीटीआर या चालक प्रशिक्षण संस्थेच्या ट्रॅकवर होते. तिथे गाडी रेषेला लागली की नोंद होते, मग एजंट कितीही ओळखीचा असो.

एजंटकडून करून घ्यायचंच असेल तर एक अट घाला : अर्जात मोबाइल नंबर तुमचा हवा. आपलं काम सोपं व्हावं म्हणून बरेच जण स्वतःचा नंबर टाकतात. पाच वर्षांनी पत्ता बदलायला जाल तेव्हा ओटीपी त्याच्याकडे जाईल, आणि तोवर तो दुकान बदलून गेलेला असेल. लर्निंगची ऑनलाइन परीक्षाही ‘आम्हीच देऊन टाकतो’ म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. आधार तुमचं, जबाबदारी तुमची.

टेस्टचा दिवस

जी गाडी न्याल तिचं आरसी, चालू विमा आणि चालू पीयूसी हवं. भावाची, मित्राची गाडी चालते, कागद संपलेली चालत नाही. विमा कालच संपला म्हणून स्लॉट गेला, ही मैदानावरची रोजची गोष्ट आहे. दुचाकीची पीयूसी पन्नास-शंभरात होते, ती आदल्या दिवशीच करून ठेवा. लर्निंगची छापील प्रत, अर्ज, फीची पावती आणि मूळ ओळखपत्र बरोबर घ्या. दुचाकीला हेल्मेट हवंच, ते नसेल तर निरीक्षक गाडीवर बसूच देत नाही.

दुचाकीत आठचा आकडा काढताना पाय टेकला की संपलं. बहुतेकांचा पाय टेकतो तो वेग फार कमी ठेवल्यामुळे, जास्त ठेवल्यामुळे नाही. पहिल्या गिअरमध्ये क्लच अर्धा धरून सारखी चाल ठेवा आणि नजर पुढच्या चाकावर न ठेवता वळणाच्या पुढे ठेवा. कारमध्ये लोक तीन ठिकाणी पडतात. चढावर थांबवून पुन्हा उचलताना गाडी मागे सरकते, रिव्हर्समध्ये घाईने स्टिअरिंग फिरवल्यामुळे मागचं चाक रेषेवर जातं, आणि निघताना सीट बेल्ट, आरसा किंवा इंडिकेटर राहतो. चढावर हँडब्रेक ओढून ठेवायचा, क्लच सोडताना बॉनेट किंचित उचललं की मगच हँडब्रेक सोडायचा. हे कुठल्याही शांत चढावर तासभर केलं तर फेरटेस्टचे ३०० रुपये वाचतात. हाताचे इशारे तोंडी विचारतात, तेही पाहून जा.

लायसन्स किती वर्षं, पुढचा खर्च कधी

वयाच्या तिशीच्या आत काढलं तर चाळीस पूर्ण होईपर्यंत चालतं. ३० ते ५० च्या मधे काढलं तर दहा वर्षं, ५० ते ५५ मधे साठीपर्यंत, त्यानंतर पाच-पाच वर्षं. २९ व्या वर्षी काढणाऱ्याला अकरा वर्षं मिळतात आणि ३१ व्या वर्षी काढणाऱ्याला दहा, त्यामुळे वयाचं गणित करून थांबण्यात काही हशील नाही. वाहतूक वाहनाचं पाच वर्षांचं असतं.

नूतनीकरणाचे २०० आणि कार्डाचे २००, चाळिशीनंतर डॉक्टरचे वेगळे. मुदत संपण्याआधी एक वर्षापासून अर्ज करता येतो. पूर्वी मुदत संपल्यावरही ३० दिवस लायसन्स चालू धरलं जायचं, ती सवलत २०१९ च्या दुरुस्तीत गेली. आता दुसऱ्या दिवसापासून गाडी चालवणं म्हणजे लायसन्स नसल्यासारखंच. मुदत संपून वर्ष उलटलं तर टेस्ट नव्याने द्यावी लागते. उशिराच्या नूतनीकरणाला ३०० रुपये आणि त्यावर दर वर्षाला किंवा वर्षाच्या भागाला १००० रुपये जादा, असं नियम ३२ मध्ये आहे. परदेशात नोकरीला असलेल्यांचं हे हमखास राहून जातं. सुट्टीवर आलात की कार्डावरची तारीख बघून जा. बाहेर चालवायचं असेल तर आंतरराष्ट्रीय परमिट १००० रुपयांत आरटीओतच मिळतं. त्याची मुदत एक वर्ष, पासपोर्ट-व्हिसा लागतो आणि मूळ भारतीय लायसन्स चालू असावं लागतं.

टेस्ट पास झाल्यावर कार्ड यायला दिवस लागतात, ते आता मध्यवर्ती ठिकाणी छापून टपालाने येतं. तोवर अडून राहायची गरज नाही. नोंद मंजूर झाली की लायसन्स डिजिलॉकरमध्ये किंवा एमपरिवहनमध्ये दिसतं आणि ते कार्डाइतकंच ग्राह्य आहे. स्क्रीनशॉट किंवा फोटो मात्र नाही, अॅप उघडूनच दाखवायचं. तिथेच नाव, जन्मतारीख, रक्तगट आणि वाहनांचे प्रकार वाचून घ्या. दोन प्रकारांची फी भरून, दोन्ही टेस्ट पास होऊनही एकच प्रकार चढलेला असेल, तर फीची पावती आणि टेस्टचा निकाल घेऊन लगेच आरटीओत जा.